पाळीच्या वहीतले दोन हंडे

इलठणपाड्यात पाणी येतं दिवसाआड,
पहाटे चार दहाला, मोजून चाळीस मिनिटं.
कुणाचा पाईप आधी, कुणाचा नंतर,
कोण गावी गेलंय, कुणाकडे बाळंतीण,
ही सगळी वही माझ्याकडे.
विहाराची चावीही माझ्याकडेच,
म्हणून ती माझ्या दारात आली.

नांग इनसेंग, अकरा नंबरच्या खोलीतली.
ऐरोलीला भाजलेल्यांच्या वॉर्डात नर्स.
अंगाला कायम मलमाचा वास
आणि मराठी अशी, की "दुखतंय का" सफाईने येतं,
बाकीचं चाचपडत.

"ताई, उद्या आमचा सांगकेन.
बुद्धाला अंघोळ. मग एकमेकांवर पाणी.
तीन दिवस."
"किती पाणी?"
तिने दोन्ही हात पसरले,
गावाकडची नदीच दाखवायची होती तिला,
टेंगापाणी. नावातच पाणी.
मग माझ्या वहीकडे पाहिलं
आणि हात मिटून दोन बोटं वर केली.

उद्या म्हणजे चौदा एप्रिल.
गल्लीत निळ्या पताका चढत होत्या,
डीजेवाला वायरी पसरून बसला होता.
सेक्रेटरी भालेराव म्हणाले, मूर्ती प्लास्टरची आहे,
मागच्या पावसात एक कान गेला,
परवाच रंग दिलाय. पाणी? नाही.
त्यांचंही खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी ती विहाराच्या पायरीशी आली
टॉवेलात गुंडाळलेली वीतभर लाकडी मूर्ती घेऊन,
गुडघ्याशी वाळवीने खाल्लेली.
सोबत उभा चिरलेला पीव्हीसी पाईप.
तिकडे म्हणे लाकडाची पन्हळ असते, नागाच्या तोंडाची.
इथे वॉर्डातल्या जांभळ्या औषधाने
तिने पाईपला दोन डोळे काढले होते.
हंड्यात बहाव्याच्या पाकळ्या.

कौतिकबाई तायडे भिंतीला टेकून सगळं बघत होती.
"अन् कोनी कोनाच्याबी आंगावर टाकते?"
"कोणीही. पोलीस पण भिजतो."
"अन् बाटलं म्हनत नाही कोनी?"
नांगला शब्द कळला नाही.
मी तो हिंदीत न्यायला लागले
आणि मध्येच सोडून दिला.

मूर्ती भिजली. मग म्हाताऱ्यांची पाळी:
लहानांनी त्यांच्या हातावर पाणी घालायचं,
वर्षभराचं चुकलंमाकलं माफ करा म्हणायचं.
नांग तांब्या घेऊन वाकली
आणि कौतिकबाईचे हात आपोआप वर गेले.
ओंजळ हनुवटीशी. कोपरं पोटाशी. डोळे बंद.
मी ओळखलं ती कुठे जाऊन बसलीय ते.
सत्तर वर्षांमागच्या एका विहिरीच्या काठाशी,
कुणीतरी वरून, लांबून
ओतेल म्हणून.

नांग थांबली.
रोज जळालेले हात धरणारी मुलगी ती.
तिने जमिनीवर मांडी घातली, बाईपेक्षा खाली,
मनगटं धरून ओंजळ हळूच मांडीवर आणली,
"इथे, आजी. दुखतंय का?"
धार पडली.
तांब्याचा काठ बोटांना लागला
आणि लागलेलाच राहिला.

कौतिकबाईने डोळे उघडले.
ओंजळीत पाणी, पाण्यात एक पिवळी पाकळी.
गल्लीत कुणालाच कळेना ती काय करणार.
पिणार, की रडणार, की सोडून देणार.
तिने ती ओंजळ
नांगच्या तोंडावर फेकली.
"घे! तुलेबी घे!"

पुढचं काय सांगू.
डीजेवाला वायरी डोक्यावर घेऊन पळाला,
भालेरावांच्या कडक पांढऱ्या सदऱ्यावर
बहावा चिकटला, आणि पोरांनी
हंडा उपडा करून त्याचा तळही झटकला.
दोन हंडे. सात मिनिटं.

रात्री मी वही उघडली.
हिशेब कुणाच्या तरी नावावर टाकायलाच हवा.
अकरा नंबरवर टाकला तर तिची पुढची पाळी कोरडी.
वहीत एक रकाना आहे, कारणाचा.
आजवर त्यात लिहिलेलं: आजारी, पाहुणे,
बाळंतीण, मयत.
पेन उघडून बसले होते, तोच
समोरच्या खोलीतून कौतिकबाईचा आवाज आला,
"ये पोरी, तीन दिसाचा हाये म्हनली ना सन?
उद्या किती वाजता?"